तासाभराची चटणी आणि सहा तासांचा उसासा

लेस्कोवात्सजवळून, सप्टेंबरअखेर

चि. सौ. विनतास दूरदेशीच्या दादाचे आशीर्वाद.

पत्र पोचले. माझा भाचा निहार परीक्षेसाठी पहाटे तीनला उठतो आणि भावोजी त्याला ‘तपश्चर्या’ म्हणतात, हे ठळक अक्षरांत. त्याला दोनदा चक्कर आली, हे मात्र समासात बारीक. बरा आहे ना तो?

आम्ही खुशाल आहोत. सध्या इथे अंगणोअंगणी आयवार, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, चुलीवर घाटतात. सहा तास घाटून हात पोळले नाहीत तर तो आयवारच नव्हे, असे इथले शास्त्र. मी अधर्म केला. सगळे ओव्हनमध्ये ढकलून तासभर वर्तमानपत्र वाचले.

गावच्या स्पर्धेत परीक्षक रादोयेकाकांनी माझाच आयवार तीनदा चाखला.

“वा, शेजारीबुवा! पहिला नंबर! किती तास घाटलात?”

“घाटला नाही. ओव्हनमध्ये ठेवला, तासभर.”

काकांनी पाव खाली ठेवला. “मग बक्षीस कशाचं देऊ? पेपर वाचल्याचं?”

तुझी वहिनी द्रागाना मागून पुटपुटली, “अरे, जरा कण्ह की!”

मी कमरेला हात लावून करुणरसाला साजेसा उसासा सोडला.

“बघा, माणूस किती झिजलाय!” काका गहिवरले, आणि बक्षीस माझ्या हाती आले.

तेव्हा निहारला पोटभर झोपू दे. दिवसाउजेडी केलेला अभ्यासही डोक्यात शिरतो. पास झाला, की सत्काराच्या भाषणाला लागतील तेवढे हाल मी इथून लिहून पाठवीन.

भावोजींना नमस्कार. हे पत्र त्यांनाच मोठ्याने वाचायला लाव.

तुझा,
श्रीधरदादा