तुम्ही वरण का सोडलंत

बाबा, तुम्ही मला फसवलंत. अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांमधून मोठमोठ्यांना तोंडावर खोटारडे म्हणत आले, तुम्हाला मात्र हे वाक्य आज पहिल्यांदा म्हणते आहे.

आठवतं, सौंसरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला आहात. शाळेतून निवृत्त झालात, पण शिकवणं सुटलेलं नाही. हृदयासाठी दिलेली रक्त पातळ करायची गोळी तळहातावर धरून मला सांगता, "रक्तात एक प्रथिन असते. तिगावच्या ठेसनावरचं बाकडं समज. औषधाचे बहुतेक कण त्याच्यावर जाऊन बसतेत. बसले ते काही करत नाई. उभे राह्यले तेच काम करतेत. डॉक्टर गोळी ठरवते ते हे धरून."

"अन् बाकडंच मोडलं तं?"

"मंग सगळेच उभे. गर्दी माणूस मारते वं."

त्याच वर्षी आषाढात माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईलच असं डॉक्टर म्हणत नव्हते. मी पाटीवर लिहून बोलत होते. मी पांढुर्ण्याहून भेटायला आले की तुमच्या ताटात वरण नसे, दूध नसे. अंगावरचा सदरा सैल झालेला. मी पाटीवर 'का?' लिहून पुढे केली. "पोटाले सोसत नाई," तुम्ही म्हणालात. आई पाठ फिरवून भाकर थापत राहिली.

कार्तिकात माझा आवाज आला. फोनवर "बाबा" म्हटलं, तर तुम्ही मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावलात. आणि त्याच आठवड्यात मेंदूत रक्तस्राव होऊन तुम्ही गेलात. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की थकलेल्या हृदयानं यकृतही थकलं होतं, प्रथिन आधीच उतरलेलं, त्यात प्रथिनाचं खाणं तुटलं. गोळी तेवढीच, पण रक्तात मोकळी फिरणारी जास्त. दवाखान्याबाहेर आई म्हणाली, "जामसांवलीच्या देवाले नवस बोलले होते ते. तुहा आवाज येईस्तोवर वरण-दूध बंद. मले शपथ घातली, तुले सांगाचं नाई म्हणून. येत्या शनिवारी फेडाले जानार होते."

नवसाविरुद्धचं माझं पहिलं भाषण तुम्हीच लाल पेनानं तपासलं होतं. आधी कारण विचार, मग हात जोड, हे तुमचंच. ते बाकडं तुम्ही न कळता मोडलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्हाला सगळं कळत होतं. ज्याला मी नाकारलं त्याच्याकडे तुम्ही माझ्या मागे जाऊन माझ्यासाठी हात पसरलात, आणि मला विचारलंही नाहीत. गल्लीतल्या बाया अजून ऐकवतात, "बापाच्या नवसानं बोलून राह्यली, अन् नवसालेच शिव्या देऊन राह्यली." आवाज ऑपरेशननं आला, हे उत्तर मी त्यांना दरवेळी देते. तुम्हाला द्यायचं राहिलं.

काल रामाकोन्याच्या सभेत नवसावरच बोलले. नंतर एका घरी जेवायला बसवलं. आषाढी झाली, चातुर्मास लागला आहे. वाढणारीनं वरणाची वाटी पुढे केली आणि मी ताटावर हात आडवा धरला.

"पोटाला सोसत नाही," म्हणाले.

दर चातुर्मासात, कार्तिक येईपर्यंत, हेच सांगते, बाबा. नवस नाही माझा कसला. हा कागद आईलाही दाखवणार नाही.