पऱ्हाटीच्या गाड्या

बाबा, त्या पऱ्हाटीबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तुम्ही होता तोवर माझी हिंमत झाली नाही, आणि तुम्ही गेल्यावर आईसमोर विषय काढणं बरं वाटलं नाही. आता आईही नाही. म्हणून बसले लिहायला.

मोताळ्याच्या रस्त्यावरचं ते कापसाचं जिन मला अजून जसंच्या तसं दिसतं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मालक दूर शहरात राहायचे आणि इथला सगळा कारभार तुमच्याकडे. मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलातून सुट्टीला घरी आले की आधी तुमच्या ऑफिसात यायची. सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज, हवेत उडणारी रुई, तुमच्या भुवयांवर साचलेला कापूस, आणि मागच्या बाजूला ते इंजिन, दिवसभर लाकडं खाणारं. धावड्याची, अंजनाची ओली-सुकी खोडं डोंगरावरून गाड्या भरभरून यायची. रविवारी तुम्ही मला त्याच डोंगरावर फिरायला न्यायचा. एकदा तोडलेल्या खोडांपाशी तुम्ही किती तरी वेळ उभे होता. खालचा नाला होळीच्या आधीच आटला होता. तुम्ही म्हणालात, "आपण रुई पांढरी करतो आणि डोंगर बोडका करतो." मग मला धावड्याचा डिंक काढून दिलात.

पऱ्हाटीची कल्पना तुमची. कापूस वेचून झाला की उरलेली झाडं उपटायचीच असतात, तीच शेतकऱ्यांकडून विकत घेऊन, वाळवून इंजिनात घातली तर डोंगराला हात लावायला नको. त्या उन्हाळ्यात मी आले तेव्हा आवारात पऱ्हाटीचे घरांएवढे ढीग रचलेले होते आणि तुम्ही मला हाताला धरून एकेक दाखवत होता. तुमचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मालकांनीही पाठ थोपटली होती. त्यांना डोंगराचं काही नव्हतं, जळण स्वस्त पडलं याचा आनंद होता.

आईनं मात्र त्याच रात्री जेवताना विचारलं. ती चुलीत पऱ्हाटीच सारत होती. "अहो, पण शेत मोकळं करून देणाऱ्या बायका मजुरी घेत नाहीत. उपटलेली पऱ्हाटी त्यांची, असंच चालत आलंय ना?"

"आता मजुरी मिळते त्यांना. रोख. आधी काय मिळायचं?"

"वर्षाचं जळण मिळायचं."

"मग विकत घ्यावं."

"कुठून? बाजारात कोण विकतं इथे जळण?" आईनं तुमच्या ताटात भाकरी वाढली. "रोख चुलीत घालून स्वयंपाक होत नाही हो."

तुम्ही हसलात. आईचं बोलणं तुम्ही असंच हसण्यावारी न्यायचा, आणि तीही मग हसायची. त्या रात्रीही हसली.

दिवाळीत मी परत आले. आपल्या जिनात कापसातला कचरा वेचायला येणारी एक बाई होती, आठवते? मी तिला मावशी म्हणायची. मला बघितलं की ओरडायची, "काऊन वं बाई, शायेत जेवाले देत नाई का तुले? पार काडी झाली!" आणि पदरातून बोरं नाहीतर शेंगा काढून द्यायची. त्या दिवाळीत ती फाटकातून आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. मान एका बाजूला कलली होती, डोक्यावरच्या केसांत सालपटं अडकली होती. पहाटे डोंगरावर जाऊन मोळी आणायची, घरी टाकायची आणि मग जिनात यायचं. ती एकटी नव्हती. आपल्या रस्त्यावरून बायकांच्या रांगाच्या रांगा जायच्या आणि डोक्यावर मोळ्या घेऊन परतायच्या. मोठी झाडं आधीच गेली होती, म्हणून कोवळी तोडत होत्या.

मी होस्टेलात शिकलेलं जेवताना बोलून दाखवलं. म्हणाले, "अडाणी लोकांमुळे जंगलं संपतात, आमच्या धड्यात आहे." तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. तुम्ही मला कधी रागावत नसा, म्हणून ते मला आजही ऐकू येतं. "पुन्हा असं बोलायचं नाही. डोंगर त्यांनी नाही संपवला." आई तुमच्याकडे बघत होती. तुम्ही न जेवता उठलात. तिनं तुमचं ताट झाकून ठेवलं.

दोन-तीन दिवसांतच फॉरेस्टच्या गार्डानं मावशीला धरलं आणि तिची कुऱ्हाड घेऊन तिला रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं. तुम्ही धावत गेलात, मी मागोमाग. तुमच्या शब्दावर त्यानं तिला सोडलं, कुऱ्हाड मात्र दिली नाही. तुम्ही तिला म्हणालात, "जिनातून एक गाडी पऱ्हाटी तुमच्या घरी पाठवतो."

ती पदर झटकत उठली. "माह्याच एकटीच्या घरी चूल हाय का साहेब?"

तुम्ही जिनाच्या धुरांड्याकडे पाहिलंत.

"तुमचं इंजन लय खादाड हाय बापा," ती म्हणाली, आणि चक्क हसली. "त्याच्यासंग आमी कुठंसा भांडाव? चाल वं बाई घरी, ऊन लागते तुले." तिनं माझा हात धरला. तुम्ही मागे तिथेच उभे होता. मी वळून पाहिलं तर तुम्ही डोंगराकडे नाही, खाली तुमच्या चपलांकडे बघत होता.

त्यानंतर तुम्ही काय काय केलंत ते मला आईकडून कळलं. मालकांना भेटायला गेलात. म्हणालात, कोळसा आणू, पऱ्हाटी बंद करू. ते म्हणाले, "अहो मॅनेजरसाहेब, स्कीम तर तुमचीच ना? आता चांगली चाललीय तर तुम्हीच मोडता काय?" मग तुम्ही शेतकऱ्यांच्या दारोदार फिरलात, निदान अर्धी तरी बायकांना सोडा म्हणून. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी चहा पाजला. पण जी वस्तू विकली जाते ती फुकट कशी सोडायची, हे त्यांना समजेना, आणि ते समजावणारे तुम्ही, ज्यांनी ती पहिल्यांदा विकत घेतली. पुढे इंजिन जाऊन वीज आली. तेव्हा तुम्हाला वाटलं असेल की सुटलो. पण तोवर वीटभट्टीवाले पऱ्हाटी उचलायला लागले होते. ती बायकांकडे परत गेलीच नाही. मावशीची मानही सरळ झाली नाही; माझ्या लग्नात ती आली तेव्हा मला वर न बघताच तिनं माझ्या गालांवरून हात फिरवला.

जिन सोडल्यावरच्या बुलढाण्याच्या घरी गॅस आला तो दिवस आठवतो. आईनं नारळ वाढवला, पहिला चहा केला. तुम्ही कप हातात घेऊन ती निळी ज्योत बघत राहिलात, आणि चहावर साय धरली. कुणालाच उद्देशून न बोलता म्हणालात, "हे तेव्हा असतं तर." आम्ही दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा मी तुमच्या शेजारी येऊन बसायला हवं होतं.

हे सगळं वर आलं ते तुमच्या नातीमुळे. ती कापडाच्या एका मोठ्या कंपनीत आहे. कापूस शेतातून निघतो तिथपासून दुकानात सदरा लटकेपर्यंत वाटेत धूर, पाणी, जळण यांची नासाडी कमी करायची, हे तिचं काम. ती त्याला सप्लाय चेन सुधारणं म्हणते. परवा फोनवर फार खुशीत होती. गिरण्यांच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी पऱ्हाटी जाळायची ठरते आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यातून घ्यायची. "आई, नुसती शेतात पडलेली असते गं ती!"

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बायकांचा हक्क, मोळ्या, मावशी. मग ती म्हणाली, "आता तिथे गॅस आहे ना पण सगळ्यांकडे?" मी म्हटलं, "सिलिंडर असेल. तो भरलेला आहे का, हे घरात जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही." तर ती स्वतः जाणार आहे, गावोगाव, करारावर सही करण्याआधी. चुली बघणार आहे, बायकांना विचारणार आहे.

"पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यातून निघालं होतं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "मालकांच्या."

"आणि आजोबांनी अडवलं नाही?"

"अडवलं. पण त्यांचं कोण ऐकणार?"

यातलं अर्धं खरं आहे, बाबा. तिनं तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय, आणि त्या फोटोत तुम्ही इतके छान दिसता. ती उद्या सकाळी निघते आहे. निघण्याआधी तिला फोन करून उरलेलं अर्धं सांगावं, असं परवापासून घोकते आहे. अजून केलेला नाही.