परवाचे दोन शब्द

देवळी,
दि. ३० नोव्हेंबर २०२५

चि. राकेश यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आज रविवार. सकाळी पाणी भरलं, कपडे धुतले. दुपारी अंगणवाडीचे तक्ते पूर्ण केले. तब्येत बरी आहे.

तुझा मेसेज पाहिला. उत्तर पत्रानं देते, कारण मेसेजवर लिहिलेलं तुला किती समजतं ते जानेवारीत साऱ्या मोहल्ल्यानं पाहिलं.

बाबांची वही तुला हवी आहे. पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तिका छापणार, लोकांना वाटणार आणि सुरुवातीला तू 'दोन शब्द' लिहिणार. छान. बाप दवाखान्यात पडला होता तेव्हा बोलायचे होते ते दोन शब्द आता छापून आण.

आणि छापणार काय? शाळेत शिकवत होते तेव्हापासून बाबा त्या रद्दीतून आणलेल्या, पुठ्ठे गेलेल्या डिक्शनरीतून वेळेचे मेलेले शब्द उतरवत बसले. सेनाइट म्हणजे सात रात्री, म्हणून आठवडा. येस्ट्रीन म्हणजे कालची संध्याकाळ. अंडर्न म्हणे आधी सकाळचे नऊ, मग तोच शब्द सरकत सरकत दुपारवर आला. आपली पुलगावची बसही तेवढीच सरकते, तिची कोणी वही ठेवत नाही. ज्या साहेबांचे हे शब्द, त्यांनीच ते टाकून दिले. देवळीत ते कोण उचलणार? शेजारची तानाबाई वही पाहून म्हणाली, की मास्तरनं जिंदगीभर पोराईले इंग्रजी शिकवली अन् शेवटी इंग्रजीची रद्दी जमवून राह्यले. मी तिला गप्प केलं. ती चुकली असं मात्र म्हटलं नाही.

ती अजून विचारते, की बापाच्या ऑपरेशनचं कळलं तरी पोरगा लगेच काऊन नाई आला. याचं उत्तर पुस्तिकेत छाप, मी दहा प्रती घेईन. वही मिळणार नाही.

सौ. आचलला आशीर्वाद. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायची घाई नाही.

तुझी ताई,
पौर्णिमा

चाकण,
दि. ९ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आधी आचलनं वाचलं. ती म्हणाली, की ताई अंगणवाडीतल्या लेकरांना असं झापत असतील तर खिचडी कोण खातं? मी म्हटलं, घाबरून दोनदा खात असतील.

आता तानाबाईला सांग, की पोरगा ऑपरेशनलाच निघाला होता. गुरुवारी, तेवीस जानेवारीला, तुझा मेसेज आला: 'परवा बाबांचं ऑपरेशन.' परवा म्हणजे शनिवार. मी लगेच लिहिलं, 'तोवर पोचतो.' शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं. शुक्रवारी दुपारी तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. बाबा गेल्याचं मला गाडीत कळलं, तेही तानाबाईकडून. मी शनिवारी सकाळी घरी पोचलो तेव्हा हातात दवाखान्यात राहायची पिशवी होती. थर्मास, चादर, बाबांसाठी मोसंबी. तू ती पिशवी पाहिलीस आणि तोंड फिरवलंस.

बाबांच्या जलदानविधीच्या दिवशी डॉक्टरचा कागद वाचला. त्यावर ऑपरेशनची तारीख एकवीस, मंगळवार. दहा महिने गप्प राहिलो, आज विचारतो. शनिवारचं ऑपरेशन मंगळवारीच का उरकलं? आणि उरकलं तर गुरुवारी मला परवा असल्याचं का सांगितलंस? तिथे माझी गरज नव्हती, तर तसं सरळ लिहायचं.

मेलेल्या शब्दांबद्दल म्हणशील तर मला त्यातला एक पाठ आहे. ओव्हरमॉरो, उद्याच्या पुढचा दिवस. आठवीत असताना मी तो वर्गात वापरला आणि साहेबाचा नातू म्हणून वर्षभर चिडवून घेतलं. त्याच्या जोडीचा, कालच्या मागच्या दिवसाचा, एक शब्द होता. तो काही केल्या आठवत नाही. वही नको देऊस. तेवढा शब्द पाहून कळव.

राग उतरला तर लोभ कळव, नाही उतरला तर रागच कळव. पण पत्र पाठव.

तुझा,
राकेश

देवळी,
दि. १६ डिसेंबर २०२५

चि. राकेश यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझा शब्द सापडला. एअरयेस्टरडे. त्या पानावर बाबांनी लिहिलं आहे: "एअरयेस्टरडे, परवा. ओव्हरमॉरो, परवा. त्यांनी दोन्ही टाकले, आपण एकावर भागवतो. मुलांना सांगावे, क्रियापदाशिवाय परवा लिहू नये."

ते वाचून फोन काढला आणि मेसेज शोधला. 'परवा बाबांचं ऑपरेशन.' पुढे 'झालं' नाही. ऑपरेशन मंगळवारीच ठरलं होतं आणि मंगळवारीच झालं. शनिवार कधी नव्हताच. बाबा म्हणाले होते, की राकेशले आधी सांगू नको, काम टाकून धावत येईल, झालं की कळव. ते सावरलेसे वाटले म्हणून गुरुवारी कळवलं. मी ते होऊन गेलेलं पाहिलं होतं, त्यामुळे 'झालं' लिहायचं सुचलं नाही.

तुझं 'तोवर पोचतो' मी असं वाचलं, की बाबांना दवाखान्यातून सुट्टी मिळेपर्यंत येशील, पिशव्या उचलायला. ऑपरेशन झाल्याचं ऐकूनही ज्याला दोन दिवस लागतात त्याचा फोन काय उचलायचा, असं मनात होतं. साहेबांच्या शब्दांना मी नावं ठेवली. मास्तरच्या मुलीला चार शब्दांचं वाक्य पुरं करता आलं नाही.

पुढचं कोणालाच माहीत नाही. शुक्रवारी तुझा दुसरा फोन वाजला तेव्हा बाबा जागे होते. कोणाचा आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कंपनीचा आहे, जाहिरातीचा. ते म्हणाले, की मले वाटलं राकेश असन. मग डोळे मिटले. संध्याकाळी सहाला गेले.

तू उशिरा आला नव्हतास. हे उद्या तानाबाईला सांगते, बाकीच्यांना ती सांगेल. फोनचंही सांगेन.

माफ कर असं वर दोनदा लिहून खोडलं आहे. खोडलेलं वाचता येतं.

वही स्पीड पोस्टानं पाठवते. छाप. 'दोन शब्द' तूच लिही. चोवीस जानेवारीला, शनिवारी, कार्यक्रम आहे. आचलला घेऊन तेवीसलाच या.

लोभाचं आता तू ठरवायचं.

तुझी ताई,
पौर्णिमा

ता. क. वीज गेली आहे. तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, दारात उजेड आहे तोवर सोलून घेते. एकटीपुरत्या आहेत.