कपाशीत थांबलेली गाडी

मंगळवार, संध्याकाळ

रेकॉर्डिंगचं बटण दाबलं तोवर गाडी आपोआप थांबत आली होती. दारव्ह्याच्या अलीकडे, कपाशीच्या शेतात. तिथे स्टेशन नाही, सिग्नल नाही. कॉम्प्युटरच्या खेळातला हा मार्ग मीच बांधलाय, आपल्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेलाइनीसारखा. आई हल्ली कुणाला न सांगता घरातून निघून जाते. ही गाडी लावली की आई तासभर जागची हलत नाही.

मागे पाहिलं. आईचा हात वर होता.

"हात दाखवला का थांबतेच ते," ती म्हणाली.

"आई, खेळ हाये हा."

"असन. डायवर त माणूसच हाये ना?"

हसलो. मार्गातच काही चूक असेल. पण हात आधी, की ब्रेक? रेकॉर्डिंगमध्ये नुसती गाडी दिसते. म्हणून पुन्हा सोडली. शेत आलं. आईचा हात मांडीवरच. गाडी न थांबता गेली.

"आता काहून थांबन? सकाळी येतो म्हटलं ना मी त्याले."

दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या उशाखाली.

बुधवार

सकाळी आई उठली नाही. डॉक्टर आले, तेव्हा कुलूप मीच काढलं.