मधल्या बाईची नोंद

१० नोव्हेंबर, सोमवार

विसरलास ना? काल पाऊण तास तुझ्यापुढे बोलले, घसा सुकला, आणि आज तू कोरा. तेजस्वी म्हणते, "आजी, तू सेव्ह केलं नाहीस." म्हणजे विसरलास तू आणि चूक माझी. फोन झालास तरी जात पुरुषाचीच.

तेजस्वी म्हणजे माझ्या थोरल्याची, भाईची धाकटी मुलगी. ही सोय तिनेच केली – मी बोलायचं, तू लिहायचं. मला अक्षर येत नाही, तेव्हा तू काय लिहितोस ते तुझं तुला ठाऊक. काल मी बोलत असताना तिने थोडं वाचून दाखवलं. मी "माका" म्हटलं की तू "मका" लिहितोस. पानभर मका पिकलाय. म्हणून तुझ्याशी कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलायचं ठरवलं. घरातल्यांचं बोलणं मात्र आहे तसंच सांगणार. ते शीक.

तिने कुलूपही घातलंय. माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. जन्मभर अंगठा उठवला, मान त्याला आत्ता मिळाला.

११ नोव्हेंबर

तेजस्वीचं काम समजून घेतलं. महिनाभर ती इथेच पडवीत बसून करते. पुण्याची साबणाची कंपनी. ऑर्डर घेणाऱ्यांचा संगणक एक, गोदामाचा दुसरा, बिलांचा तिसरा, गाड्यांचा चौथा. वेगवेगळ्या साहेबांनी वेगवेगळ्या वर्षी आणलेले, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. म्हणून आता कंपनीने एक प्लॅटफॉर्म घेतला. मला वाटलं, कुडाळ स्टेशनात असतो तसला. तो नाही. एपीआय मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म. नाव घेताना कवळी सांभाळावी लागते.

"करतो काय तो?"

"आजी, ते चौघे एकमेकांशी थेट बोलत नाहीत. सगळे ह्याच्याशी बोलतात. एकाचा निरोप हा घेतो, दुसऱ्याला कळेल असा करतो आणि पोचवतो. आत कोणाला घ्यायचं, कोणी किती वेळा विचारायचं, तेही हाच ठरवतो."

"एवढ्यासाठी यंत्र आणलं? मला न्यायचं होतं पुण्याला. आठ वर्षं दुसरं काय करते मी?"

ती हसली. मग हसायची थांबली. तिलाही ठाऊक आहे.

१२ नोव्हेंबर

माझे दोन मुलगे. भाई आणि गुरुदास. घर एक, मधे भिंत, पुढचं अंगण म्हणजे खळं एक, विहीर एक. आठ वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही. जे काय ते माझ्यामार्फत. मी भिंतीला लागून माझ्या खोलीत. दोन्हीकडे दार.

आज सकाळचंच. गुरुदास म्हणाला, "आये, तेका सांग, सकाळचो पंप माका होयो."

भाईकडे गेले. भाई म्हणाला, "तेका सांग, पंप तेच्या सासऱ्यान नाय दिल्लो."

परत गुरुदासकडे येऊन मी सांगितलं, "भाई विचारता, संध्याकाळी चलात मा?"

चाललं. तेजस्वी म्हणते ह्याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, आणि ते शिकायला लोक परीक्षा देतात. आणखी म्हणाली, प्लॅटफॉर्म प्रत्येक निरोपाची नोंद ठेवतो. कोणी, कधी, काय विचारलं, पुढे काय गेलं. नोंद नसेल तर मधल्यावर विश्वास कोण ठेवील?

तुझ्याशी बोलायचं ते कशासाठी, ते आता कळलं. मधलीने नोंद ठेवावी म्हणे. ठेवते.

१४ नोव्हेंबर

मितेशचं लग्न ठरलं. गुरुदासचा मुलगा. चौदा डिसेंबर. सव्वीस तारखेला पत्रिका कट्टा गावच्या छापखान्यात जाणार. गुरुदास म्हणाला, "माझ्या झिलाच्या पत्रिकेत तेचां नाव येवचां नाय." हा निरोप मी पोचवला नाही. अजून.

सख्ख्या काकाचं नाव पत्रिकेत नाही म्हणजे भाई मांडवात यायचा नाही. मग ही भिंत माझ्या मागेही राहणार.

१५ नोव्हेंबर

नवे नियम. थोरली सून न्याहारीआधीच नऊ निरोप देते. आजपासून मर्यादा – सकाळी तीन, संध्याकाळी दोन. चौथा आला की मी सांगणार, "काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा." "आये" म्हटल्याशिवाय दार उघडणार नाही. आणि धाकटीच्या, गुरुदासच्या जानकीच्या, कोंबडीने पाच वर्षांपूर्वी अळू खाल्लं ती तक्रार आता बंद. जुनी आवृत्ती.

जानकी म्हणाली, "तेजस्वीन म्हातारेक बिघडवल्यान."

१८ नोव्हेंबर

पडवीतली मीटिंग ऐकली. अकरा माणसं. पहिली दहा मिनिटं प्रत्येकजण विचारतो, माझा आवाज येतोय का. मालवणच्या मासळी बाजारात पन्नास बायका एकदम बोलतात, कोणी कोणाला असं विचारत नाही. पुण्याचे साहेब सात वेळा "सिनर्जी" म्हणाले. मला वाटलं त्यांची मुलगी.

गोदामवाले आणि ऑर्डरवाले एकाच मीटिंगमधे, पण बोलतात ते तेजस्वीशी. "तेजस्वी, जरा ऑर्डर टीमला कळवाल का." ऑर्डर टीम तिथेच बसलेली, नाक खाजवत. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

२० नोव्हेंबर

प्लॅटफॉर्म चालू झाला. साहेबांनी केक कापला. तेजस्वीने तो फोनवर बघितला.

२१ नोव्हेंबर

घोळ. दुकानदारांनी मागितले चाळीस-चाळीस डझन साबण, पोचले चाळीस-चाळीस नग. निम्म्या साताऱ्याच्या आंघोळीचे वांधे. ऑर्डरवाले म्हणतात, आम्ही डझन लिहिलं. गोदामवाले म्हणतात, आम्हाला आकडाच आला. दोघेही खरं बोलतायत. डझन मधे कुठेतरी पडला.

तेजस्वी जेवली नाही.

२२ नोव्हेंबर

नोंद उघडली तेव्हा सापडलं. ऑर्डरचा डझन, गोदामाचे नग, त्याला बाराने गुणायचा नियम तेजस्वीने घालायचा होता. राहिला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "आत्ता गोदामाचं नाव पुढे करू. त्यांचं यंत्र जुनंच आहे, कोण विचारतोय." मी चवळीच्या शेंगा मोडत होते. मोडायची थांबले.

तेजस्वीने अकरा जणांसमोर सांगितलं, "चूक मधल्याची आहे. म्हणजे माझी."

 ह्या वेळी आवाज येतोय का ते कोणी विचारलं नाही.

मी नंतर म्हटलं, "तुला कोणी विचारलं नव्हतं गो."

"नोंद होती ना, आजी. आज नाही उद्या कोणी वाचलीच असती."

माझी नोंद वाचणारं कोणी नाही. मला स्वतःलाही वाचता येत नाही. त्यामुळे मी आठ वर्षं निवांत होते.

२४ नोव्हेंबर

बरं, ऐक. हे सेव्ह कर.

आठ वर्षांपूर्वी नम्रताचं लग्न होतं, भाईच्या थोरल्या मुलीचं. तेव्हा भिंत नव्हती. छापखान्यातून पत्रिकेचा नमुना आला. भाईने माझ्याकडे दिला, "आये, गुरुदासाक दाखव, नाव बरोबर आसा काय विचार." मी गेले. गुरुदास मालवणला गेला होता. पापड उन्हात पडले होते, आभाळ आलं होतं. नमुना मी पोह्यांच्या डब्यात ठेवला. संध्याकाळी भाईने विचारलं तेव्हा म्हटलं, "बघितल्यान. बरोबर आसा म्हणता." मला सगळी अक्षरं सारखीच. एवढी काळी काळी ओळ, त्यात गुरुदासचं नाव असेलच.

नव्हतं. छापखान्याकडून काकाची ओळ सुटली होती. पत्रिका गावभर गेल्या. गुरुदास म्हणाला, मुद्दाम गाळलं. भाई म्हणाला, दाखवून घेतलं, आता नाटकं करतो. दोघांनी येऊन मला विचारलं. मी दोघांनाही म्हटलं, "माका काय वाचूक येता? माका आठवत नाय."

न वाचता येणं त्या दिवशी मला फार उपयोगी पडलं. आणि तुझ्यासारखं विसरणंही.

आणखी एक सांगते, कुलूप आहे म्हणून. मधे बसायला मला आवडलं. दोन्ही घरच्या बातम्या पहिल्या मला. दोन्ही घरची ताटं. मासळीतले पेडवे इकडून, सुंगटं म्हणजे कोलंबी तिकडून. माझ्याशिवाय पान हलेना. नवरा गेल्यावर एवढा मान मला कोणी दिला नव्हता.

२५ नोव्हेंबर

दोघांना खळ्यात बोलावलं. भाई तुळशीकडे तोंड करून उभा, गुरुदास विहिरीकडे. सांगितलं. ह्या वेळी गोड करून नाही, आलं तसंच. पोह्यांच्या डब्यासकट.

दोघेही आत गेले. आपापल्या दाराने.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी खळ्यात आवाज. गुरुदास विचारत होता, "भाई, तुझां नाव खंय घालू, वरती?" भाई म्हणाला, "घाल खंयय. पण नमुनो आवशीकडे देव नको. माका दाखव."

आठ वर्षांनी बोलले आणि तेही माझ्याचविरुद्ध. आता दोघेही माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी दोघांनी तेजस्वीला पाठवलं, "आवशीक विचार, जेवतली काय ती."

मी तिला म्हटलं, दोघांना सांग – उद्या गुरुवार, मासे आजच. पेडव्यांचं तिखलं जानकीच्या हातचं, भाकरी थोरल्या सुनेच्या हातची, सोलकढी ज्या घरात असेल त्या घरची. आणि दोन ताटं नकोत. एकातच वाढून पाठवा.