दोन्ही गालांचं हसू

नारायणगुडा, हैदराबाद
१२ जून २०१४

चि. भारतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून चक्रावशील. पण फोन दिवाणखान्यात आणि तुझी आई दिवसभर तिथंच, म्हणून तुझ्या पुण्याच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर लिहितोय. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तिचा हात सुधारला, तोंड मात्र वाकडंच. डॉक्टरांनी दात दाखवा म्हटलं की डावी बाजू ढिम्म! आणि परवा शेजारच्या भामाने काहीतरी सांगितलं, तर ही दोन्ही गालांनी खदखदून हसली. भामासमोरच मी विचारलं, हे काय सोंग लावलंय? तेव्हापासून घरात एकदम खामोशी. मी पार परेशान आहे.

तू उंदरांच्या चेहऱ्यात विषाणू सोडून मेंदूतल्या वाटा शोधतेस ना? मग सांग, हे सोंग नाही तर काय?

बाकी ठीक. राज्याची वाटणी झाली. आता गाड्यांच्या नंबरांचं काय होणार, गल्लीत हीच चर्चा.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
बाबा

पुणे
१९ जून २०१४

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

आई सोंग करत नाही. हे आधी वाचा, चहा मग प्या.

आम्ही उंदराच्या मिशीच्या स्नायूत विषाणू टोचतो. तो चेहऱ्याच्या नसेतून उलटा चढत मेंदूत पोचतो आणि एका पेशीतून तिच्या मागच्या पेशीत शिरतो. त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं असतं, म्हणून तो गेला ती वाट सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी दिसते. परवा पाहिलं, तर एका मिशीकडे येणाऱ्या वाटा कुठून कुठून निघालेल्या! उंदीर हसतो का, देव जाणे. पण माणसांचं डॉक्टरांना आधीपासून ठाऊक आहे: मुद्दाम ओठ हलवायची वाट एक, आपसूक हसू फुटायची दुसरी. आईची पहिली बिघडलीय, दुसरी शाबूत आहे.

बाबा, तिची माफी मागा. भामासमोर. मला तुमचा फार राग आलाय.

राग आला तरी तुमचीच,
भारती

नारायणगुडा
२६ जून २०१४

चि. भारतीस आशीर्वाद.

भामाला बोलावून तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि माफी मागितली. तुझ्या आईनं सगळं ऐकलं, विषाणू चढायला किती दिवस लागतात तेही विचारलं. मग म्हणाली, बरं झालं, मलाच वाटायला लागलं होतं की मी खरंच सोंग करते की काय. मला रडू आवरेना ग.

भामा गेल्यावर मी म्हटलं, एकदा माझ्याकडे बघून तसं हस. तर म्हणाली, सांगून येत नाही ना आता; हसवा.

तासभर आठवत बसलो. अडतीस वर्षं संसार केला, पण ही कशाला हसते ते मला ठाऊक नाही. भामाला विचारायची लाज वाटते. तुला ठाऊक असेल तर उलट टपाली कळव.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा