मोकळा झोका

लिंबायत, सुरत
१० एप्रिल १९९९

प्रिय सुषमाताई,

वर्षाचा नमस्कार. मी ठीक, आई ठीक, आप्पांचा लूम आणि खोकला दोन्ही चालू. दाजींनाही नमस्कार सांग.

मी आता रिंगरोडवर एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. हसू नकोस! एका साडीवाल्या शेठचं इंटरनेटवर पान बनवायचं होतं. जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक साडी म्हणजे एक वस्तू आणि तिला कप्पे: रंग, काठ, ब्लाउजपीस. एखाद्या साडीला कप्पाच नसेल तर पानावर 'माहिती नाही' यायला हवं. मी आपलं सरळ कॉम्प्युटरला कप्प्यात काय आहे तेच विचारलं. झालं! शेठने स्वतः जिथे ब्लाउजपीस शून्य लिहिलं होतं, तिथेही 'माहिती नाही'. शेठ भडकले, "अरे बेन, में लखीने तो आप्युं छे!" लिहून तर दिलंय म्हणे.

ऑफिसातले वैभवसर म्हणाले, शून्य असो की कोरं, असं विचारलं की कॉम्प्युटर त्याला 'नाही'च धरतो. म्हणून आधी कप्पा आहे का ते 'टाइपऑफ' लावून बघायचं. उत्तर 'अनडिफाइन्ड' आलं, तरच तो कप्पा नाही म्हणायचं.

पुष्पामावशीने तुला कळवलंच असणार. मला बघायला आलेल्यांनी "पोरी किती?" विचारलं आणि आप्पा गप्प बसले. खरं आहे ते. मला त्यांचा फार राग आला. तू मावशीला म्हणालीस म्हणे, "स्वतःच्या मनाने लग्न केलं तेव्हाच मी त्या घरातून पुसले गेले, आता आखाजीच्या सणाला माहेरी कशाला येऊ?"

पण मावशी पुढचं बघायला थांबलीच नाही. पाहुणे गेल्यावर आप्पांनी ओट्यावर लेकींसाठी आखाजीचे झोके बांधले. दोन. तू गेल्यापासून दरवर्षी ते दोनच बांधतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. शेजारची शीतल दुसऱ्यावर बसायला गेली, तर म्हणाले, "तो सुषमाना झोका शे. मोकया राहू दे." आई आत जाऊन रडली. मीही.

आप्पा गप्प बसले म्हणून तू नाहीस असं धरू नकोस गं. शेठच्या पानावर मी हीच चूक केली होती. तुझी जागा आहे, फक्त रिकामी आहे.

आप्पा स्वतः लिहिणार नाहीत, तेवढे हट्टी आहेतच. पण हे पाकीट त्यांनीच आणलं. तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता, आईकडेही नव्हता. आप्पांनी तोंडपाठ सांगितला, पिनकोडसकट.

दाजींना घेऊन ये.

तुझ्या झोक्याशेजारी बसलेली,
वर्षा